देवीचे इनाम आणि लेकीचा वाटा

नवरात्र जवळ आले की आपल्याकडे एका जुन्या युक्तिवादाची उजळणी होऊ लागते. ज्या समाजाने विद्या सरस्वतीच्या, संपत्ती लक्ष्मीच्या आणि सामर्थ्य दुर्गेच्या स्वाधीन केले, त्या समाजात स्त्रीचे स्थान हीन असणे शक्यच नाही, असे व्यासपीठांवरून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. याच्या उलट टोकाचा एक युक्तिवादही तितकाच जुना आहे. अतिप्राचीन काळी सत्ता स्त्रीच्या हाती होती, मातृदेवता ही त्या सत्तेचीच प्रतिमा होय, पुढे पुरुषांनी ती सत्ता हिरावून घेतली, असे हा दुसरा पक्ष म्हणतो. युरोपात बाखोफेन यांनी १८६१ साली या विचाराला ग्रंथरूप दिले आणि आपल्याकडे शरद पाटील यांच्यासारख्या विद्वानांनी निर्ऋतीच्या आधारे त्याची स्वतंत्र मांडणी केली. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत. परंतु एका गृहीतावर त्यांचे एकमत आहे. देवीची पूजा ही स्त्रीच्या प्रतिष्ठेची खूण आहे, हे ते गृहीत. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

हे तपासण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाजवळ एक साधे माप असते. जमीन कोणाच्या नावे होती? ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, दान देण्याचा आणि वारशाने मिळविण्याचा अधिकार कोणाला होता? समाजातील स्थान मोजण्याचे हे एकमेव माप आहे, असा माझा दावा नाही. परंतु स्तोत्रांपेक्षा ते अधिक खात्रीचे आहे, एवढे निश्चित.

अथेन्सची साक्ष

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. कारण तेथे देवीची मालमत्ता आणि स्त्रीची मालमत्ता या दोहोंचा हिशेब शेजारीशेजारी ठेवता येतो. अथेन्स नगरीला नावच अथीना देवीवरून मिळाले, असे परंपरा सांगते. इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात नगरवासीयांनी तिच्यासाठी पार्थेनॉन हे भव्य मंदिर उभारले. त्यातील देवीच्या मूर्तीवर चाळीस टॅलेंट वजनाचे, काढून घेता येईल असे सोने होते आणि युद्ध ओढवल्यावर पेरिक्लीजने नगराच्या साधनसंपत्तीत ते हिशेबात धरले, असे थ्युसिडिडीज सांगतो. देवीच्या सर्वांत मानाच्या पुजारीपदावर स्त्रीच असे व ते पद तहहयात असे. पण याच नगरीत सामान्य नागरिकाच्या पत्नीस एका मेडिम्नस जवाच्या किमतीपेक्षा, म्हणजे एका कुटुंबाला थोडे दिवस पुरेल इतक्या धान्याच्या किमतीपेक्षा, मोठा व्यवहार आपल्या अधिकारात करता येत नसे. पुत्रहीन पित्याची कन्या वारस ठरली, तर पित्याच्या सर्वांत जवळच्या पुरुष आप्ताला तिच्याशी विवाह करण्याचा हक्क होता. हेतू हा, की मिळकत घराबाहेर जाऊ नये. कन्या ही मिळकतीची धनी नव्हे, मिळकत पुढच्या पिढीकडे नेणारे वाहन होती.

उलट, शेजारच्या स्पार्टात जवळजवळ दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या हाती आहे, अशी तक्रार ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात केली आहे. देवी दोन्हीकडे होत्या; त्यांची नावेही बव्हंशी तीच होती. अंतर होते ते वारशाच्या नियमांत.

दख्खनमधील मातृदेवता

आता आपल्या भूमीकडे वळू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून दीर्घकाळ उत्खनन केले. सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक डबी सापडली. तीत एक स्त्रीमूर्ती होती आणि तिच्यासोबत मातीचीच एक शिरोहीन स्त्रीमूर्ती व एक बैल होता. सुफलनाची ही देवता घराघरात पुजली जात असावी. परंतु त्याच वस्तीत पाच खोल्यांचे मोठे घर व धान्याचे कोठार यांच्या सान्निध्यात चार पायांच्या मोठ्या रांजणात पुरलेला जो मृतदेह सापडला, तो प्रौढ पुरुषाचा होता. उत्खननकारांनी त्यास गावप्रमुख मानले आहे. म्हणजे जमिनीखाली देवी आणि कोठारापाशी पुरुष, अशी विभागणी तेव्हाही असणे अशक्य नाही.

धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील टेकड्या, खिंडी आणि जुन्या पायवाटा पायी तुडवून तेथील मातृदेवतांची पाहणी केली आणि १९६२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचे एक निरीक्षण येथे फार मोलाचे आहे. या देवी मुळात एकट्या आहेत. त्यांना पती नाही. पुढे म्हसोबासारख्या धनगर-गवळ्यांच्या दैवताशी त्यांतील काहींचे लग्न लागले. समाजाची घडी बदलली, दोन जमाती एकत्र आल्या, तशी देवीलाही सासर मिळाले. याचा अर्थ, देवीने समाज घडविला नाही. समाजाने आपल्या व्यवस्थेप्रमाणे देवीचा संसार मांडून दिला.

लेण्यांतील हिशेब

सातवाहन काळापासून आपल्याला शिलालेखांचा भक्कम आधार मिळतो. नाणेघाटातील लेखात राणी नागनिकेने व तिच्या पतीने केलेल्या यज्ञांची व दक्षिणेची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे आणि हजारो कार्षापण नाणी तीत मोजून नोंदविली आहेत. त्या काळचे राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची नावे लावीत. यावरून येथे मातृसत्ता होती, असा निष्कर्ष काहींनी काढला. परंतु राज्य मात्र पित्याकडून पुत्राकडेच जात होते. नाव आईचे आणि गादी बापाची, असा तो व्यवहार होता.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दोन नोंदी या दृष्टीने बारकाईने वाचाव्यात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. त्याने चार हजार कार्षापणांना एक शेतही विकत घेऊन दिले. त्याची पत्नी दक्षमित्रा ही तर नहपानाची कन्या. तिच्या नावावर तेथे एका खोलीचे दान आहे. दुसरी नोंद गौतमी बलश्रीची. सम्राटाची माता असलेल्या या स्त्रीने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात एक वैभवशाली लेणे भिक्षूंना दिले. पण त्या लेण्याच्या निगराणीसाठी जे गाव लावून दिले, ते मात्र आजीला संतोष व्हावा म्हणून नातवाने दिले. ज्यातून दरसाल उत्पन्न निघते ते साधन दोन्ही ठिकाणी पुरुषाच्या हातून आले आहे.

याला अपवाद आहेत आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांत गृहिणी व भिक्षुणी यांनी दिलेल्या दानांचे अनेक लेख आहेत. त्यांच्या हाती पैसा खेळत होता, याची ती साक्ष होय. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता हिचा पुण्यात उपलब्ध झालेला ताम्रपट प्रसिद्ध आहे. तीत तिने स्वतः भूमिदान केले असून वंशावळ पतीची न देता पित्याच्या गुप्तकुळाची दिली आहे. परंतु ती युवराजाची माता या नात्याने राज्य सांभाळीत होती. पतीच्या पश्चात व अज्ञान पुत्राच्या नावे येणारी सत्ता ही विश्वस्ताची सत्ता असते. मुलगा जाणता झाला की ती संपते.

सन्मान आणि स्वामित्व

मनुस्मृतीतील स्त्रीपूजेचा श्लोक प्रत्येक वक्त्याला तोंडपाठ असतो. तो तिसऱ्या अध्यायात आहे. त्याच्या आगेमागे असलेले श्लोक मात्र सहसा कोणी वाचीत नाही. भरभराट इच्छिणाऱ्या पित्याने, भावाने, पतीने व दिराने स्त्रियांचा सन्मान करावा. सणासमारंभांत त्यांना अलंकार, वस्त्रे व भोजन द्यावे, असे तेथे सांगितले आहे. आठव्या अध्यायात तोच ग्रंथ भार्या, पुत्र व दास यांना स्वतःचे धन नाही, असे सांगतो. या दोन वचनांत विसंगती आहे, असे अनेकांना वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ती मुळीच नाही. स्त्रीला उपभोगाच्या वस्तू द्याव्यात, उत्पादनाची साधने देऊ नयेत, असे एकच सुसंगत धोरण त्यांत आहे. आपल्याकडे घरंदाज स्त्रीला चोळीबांगडीसाठी म्हणून जमिनीचे उत्पन्न तोडून देत, त्या शब्दयोजनेतही हाच विचार आहे. जमीन कितीही असो, तिचा हेतू चोळीबांगडी!

अर्थात धर्मशास्त्र एकमुखी नव्हते. पुत्रहीन पुरुषाच्या वारसांत याज्ञवल्क्याने पत्नीला पहिले स्थान दिले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्त्रीधनाची व्याख्या रुंद करून वारसा, खरेदी व वाटणी यांनी मिळालेले धनही तीत आणले. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला मान देणाऱ्या मुंबई इलाख्यात बहिणीसारख्या आप्त स्त्रियांना इतर प्रांतांपेक्षा अधिक वारसाहक्क मिळाला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या वादांत कोणत्याही पक्षाने देवीचा दाखला निर्णायक मानला नाही. काली व दुर्गेच्या उपासनेचे माहेरघर असलेल्या बंगालपेक्षा मुंबई इलाख्यातील मुलीचा वारसा अधिक पूर्ण स्वरूपाचा होता, हे त्याचे कारण शास्त्राच्या परंपरेत शोधावे लागते, भक्तीत नव्हे.

येथे एक विलक्षण विरोधाभास उभा राहतो. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे. देवीच्या नावे इनाम जमिनी आहेत, त्यांची नोंद सरकारी दप्तरात आहे, तिच्या वतीने दावे चालतात. म्हणजे ज्या गावात शेकडो वर्षे एकाही स्त्रीच्या नावे जमीन नव्हती, त्या गावातही एक स्त्री जमीनदार होती. ती देवळात होती. मात्र देवतेची तुलना न्यायालये अज्ञान व्यक्तीशी करीत आली आहेत. तिचा व्यवहार दुसऱ्याने पाहावयाचा असतो. देवांच्या बाबतीतही नियम तोच आहे, हे खरे. परंतु देवळातल्या देवाचा पुरुष भक्त घरी परतला की स्वतःच्या जमिनीचा धनी होता. देवीची स्त्रीभक्त घरी परतली की पुन्हा पालकाधीनच.

आजचा प्रश्न

हा सारा प्राचीन इतिहास येथे मांडण्याचे कारण आजच्या व्यवहारात आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण केला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा मुलग्यांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना तो हिस्सा दिला, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. केंद्राने २००५ साली ते बंधन काढले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पिता २००५ साली हयात असण्याची अट आवश्यक नसल्याचा निर्णय दिला. कायद्याच्या पुस्तकात लेक आता लेकाच्या बरोबरीला आली. तथापि २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातील वहिवाटीच्या जमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले.

हे असे का? तलाठ्याच्या चावडीत आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत याचे उत्तर आहे. वडिलांचे तेरावे उरकत नाही तोच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. ही सही नेहमी धाकाने होते असे नाही. बहुतेकदा ती स्त्रीने विचारपूर्वक केलेली असते, आणि तो विचार समजून घेतला पाहिजे. उद्या सासरी विपरीत घडले, नवऱ्याने टाकले, वैधव्य आले, तर परतण्यासाठी एकच दार आहे, ते माहेरचे. ते दार उघडे राहावे म्हणून ती आपला वाटा सोडते. अर्थशास्त्राच्या भाषेत तो विम्याचा हप्ता आहे. फरक इतकाच, की विमा कंपनी लेखी करार करते. भावाचे आश्वासन वहिनी व भाचे यांच्या मर्जीवर अवलंबून असते. बदल्यात दर दिवाळीला भाऊबीजेची साडी येते. मनूच्या तिसऱ्या अध्यायातील वस्त्र आणि अलंकार आपण अजून तंतोतंत पाळीत आहोत.

यावर उपाय भाषणांनी होणार नाही. वारसनोंद करताना मुलींची नावे प्रथम सातबाऱ्यावर चढविल्याखेरीज हक्कसोडपत्र स्वीकारू नये. आणि मृत्यूनंतर काही ठरावीक काळ, निदान वर्षभर, असे पत्र नोंदविता येऊ नये. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचे जे आवाहन शेतकऱ्यांना केले होते, ते पुन्हा हाती घेण्यासारखे आहे. सासरच्या जमिनीवर आणि घरावर पत्नीचे नाव असेल, तर तिला माहेरच्या दाराची एवढी जबर किंमत मोजावी लागणार नाही.

देवीच्या उपासनेला माझा आक्षेप नाही. जत्रेने, भोंडल्याने आणि देवीच्या व्रतांनी कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांना घराबाहेर पडण्याची, एकत्र येण्याची व मन मोकळे करण्याची संधी दिली, हे नाकारता येणार नाही. आक्षेप आहे तो त्या उपासनेचा दाखला देऊन हिशेब टाळण्याला. ज्यांना आपल्या संस्कृतीतील स्त्रीच्या गौरवाबद्दल बोलावयाचे आहे, त्यांनी अवश्य बोलावे. मात्र व्यासपीठावर चढण्यापूर्वी आपल्या घरच्या सातबाऱ्याचा उतारा एकदा काढून पाहावा, आणि त्यावर बहिणीचे नाव आहे की नाही, एवढे वाचून घ्यावे.