तगून राहण्याचा खर्च

ऑइल पेंटमध्ये मिसळायच्या थिनरचा उग्र वास बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्या वासात अनेकदा टोल्युइन या विद्रावकाचा मोठा वाटा असतो. पेट्रोलमध्येही ते असते आणि बहुतेक जीवाणूंसाठी ते जालीम विष आहे. म्हणूनच १९८९ साली अकिरा इनोऊए आणि कोकी होरिकोशी या जपानी शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यावर सहज विश्वास बसण्यासारखा नव्हता. ‘स्युडोमोनास पुटिडा’ या मातीतल्या जीवाणूचा एक वाण निम्मे टोल्युइन ओतलेल्या द्रवात वाढत होता. एका लिटर पाण्यात टोल्युइन जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते आणि उरलेले थर धरून तरंगते हे खरे. पण एरवीच्या जीवाणूंना तेवढेही पुरून उरते. तेव्हापासून ‘विष खाणारे जीवाणू’ हा शब्दप्रयोग रुळला आणि त्यासोबत एक सोयीस्कर समजही पसरला, की माती आपली आपण साफ होते. या जीवाणूंची क्षमता विलक्षण आहे, यात शंका नाही. पण ती फुकट मिळत नाही. तिचा खर्च कुठून भागतो हे पाहिल्याशिवाय साफसफाईचे कोणतेही आश्वासन खरे मानू नये.

टोल्युइन घातक ठरते ते पेशीच्या पटलामुळे. हे पटल स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते, आणि पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत जास्त रमणारे टोल्युइन नेमके तिथे घुसते. पटल सैल पडते. पेशीची ऊर्जा ज्यावर अवलंबून असते तो पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रोटॉनांमधला फरक मिटू लागतो. गळक्या होडीतल्या माणसासारखी जीवाणूची अवस्था होते: भोकही बुजवायचे आणि पाणीही उपसायचे. बुजवण्याचे काम काही मिनिटांतच सुरू होते. पटलातल्या मेदाम्लांच्या वाकड्या साखळ्या एक एन्झाइम जागच्या जागी सरळ करते आणि त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. एवढ्याने फक्त उसंत मिळते. जीव वाचतो तो उपशामुळे. स्पेनमधल्या ग्रानादा इथे हुआन लुईस रामोस आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या डीओटी-टी१ई या वाणात टोल्युइन बाहेर फेकणारे तीन प्रथिन-पंप सापडले. हे पंप प्रोटॉनांच्या ओघावर चालतात, म्हणजे ज्या ऊर्जेला गळती लागली आहे तीच आणखी खर्च करतात. विद्रावकात वाढणारे जीवाणू हळू वाढतात ते यामुळेच. टोल्युइनच्या वाफेची आधी सवय झालेले जीवाणू अचानक आलेली मोठी मात्रा पचवतात. बेसावध असलेल्यांपैकी मोजकेच उरतात.

शिवाय विषात तगणे वेगळे आणि विष खाणे वेगळे. नेदरलँड्समधला एस-१२ हा वाण टोल्युइनमध्ये टिकतो, पण त्याचे विघटन त्याला जमत नाही. उलट एमटी-२ या वाणाकडे एक प्लास्मिड, म्हणजे डीएनएची सुटी वर्तुळाकार साखळी असते. तिच्यातल्या जनुकांच्या जोरावर तो टोल्युइनचे बेन्झॉइक आम्ल करतो, पुढे कॅटेकॉल करतो, कार्बनचे वलय फोडतो आणि तुकडे श्वसनाच्या भट्टीत घालतो. हे वलय फोडायला हवेतला ऑक्सिजन लागतो. पाणी तुंबलेल्या चिकणमातीत तो लवकर संपतो. मग नायट्रेट किंवा लोह वापरणारे दुसरे जीवाणू पुढे येतात, पण त्यांचा वेग सहसा कमी असतो. नवी पेशी घडवायला नायट्रोजन आणि फॉस्फरसही हवा, आणि तेलात हे दोन्ही जवळपास नसतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो, हे १९८९ सालीच अलास्कात दिसले. ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजातून सुमारे ३७,००० टन कच्चे तेल सांडले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेला तेल पचवणारा जीवाणू तोवर जगप्रसिद्ध झाला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी तो पेटंटला पात्र ठरवला होता. पण उघड्या समुद्रावर तो कधीच सोडला गेला नाही. अलास्काच्या किनाऱ्यांवर टाकले गेले ते नायट्रोजन-फॉस्फरसचे खत. जीवाणू तिथलेच होते, उपाशी होते. खत मिळताच तेलाचे विघटन वेगाने होऊ लागले. मात्र गोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोहोचत नव्हता, तिथे कित्येक वर्षांनंतरही खणल्यावर तेल सापडले.

यावर कोणी म्हणेल, स्थानिक जीवाणू एवढे समर्थ असतील तर त्यांनाच वेळ द्यावा, खर्च कशाला? अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी नळवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले आणि त्यातले सुमारे ४ लाख लिटर जमिनीतच राहिले. १९८३पासून तिथे भूजलाचा अभ्यास सुरू आहे. बेन्झीनसारख्या विषारी घटकांचा पट्टा भूजलाच्या प्रवाहाइतका वेगाने पुढे सरकला नाही, कारण जीवाणू ते वाटेतच संपवत राहिले. हे मोठेच काम आहे. पण चार दशकांनंतरही मूळ तेल तिथे शिल्लक होते. वाटेत कुणाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर एवढी वाट पाहायला सांगणे अन्याय ठरेल. क्लोरीनयुक्त विद्रावकांचे प्रकरण तर आणखी नाजूक. धातूवरचे ग्रीस काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलिन ऑक्सिजनविरहित भूजलात ‘डीहॅलोकोकॉइडिस’ जीवाणू टप्प्याटप्प्याने निर्विष करतात. पण क्रिया मध्येच थांबली, तर विनाइल क्लोराइड साचते आणि ते माणसात कर्करोग घडवते. अर्धवट सफाई इथे मूळ घाणीपेक्षा वाईट.

मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप पंपांबद्दलचा आहे. डीओटी-टी१ईमधला एक पंप टोल्युइनबरोबर टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही प्रतिजैविकेही बाहेर फेकतो. भाजलेल्या जखमा चिघळवणाऱ्या ‘स्युडोमोनास एरुजिनोसा’ या भाऊबंदाकडेही असेच पंप असतात. म्हणून मातीत सरसकट सोडायला ‘सोशिक’ वाण निवडणे मला धोक्याचे वाटते. जमिनीत हवा सोडून आणि मोजून खत देऊन तिथल्याच जीवाणूंना पोसणे जास्त सुरक्षित. बाहेरचे जीवाणू आणायचेच असतील, तर कंत्राटदाराने आधी सांगावे की हा वाण नेमके काय फोडतो, कुठल्या प्रतिजैविकांना जुमानत नाही, आणि त्याला त्या खोलीवर ऑक्सिजन कसा मिळणार आहे. नंतर निरीक्षण विहिरींतल्या पाण्याचे आकडे, मधल्या विषारी पदार्थांसकट, वर्षानुवर्षे लोकांसमोर मांडावेत, आणि त्याचा खर्च ज्याने प्रदूषण केले त्याच्याकडून वसूल व्हावा.