उशाशी पाण्याचा तांब्या



आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीचे हातपाय दर हिवाळ्यात ठणकत. रात्री ती अंथरूण ओले करी. मुली हसतात म्हणून संध्याकाळनंतर ती पाणीच पीत नसे. मीही तिला म्हणालो होतो, "बरोबर आहे, झोपताना पाणी नको." पुढे रक्ततपासणीत सिकलसेल निघाला, तेव्हा माझी चूक कळली.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे मोठे प्रथिन असते. अमिनो आम्लांचे 574 मणी चार माळांत ओवावेत, तशी त्याची रचना. सिकलसेलमध्ये यांतल्या दोन माळांचा सहावा मणी बदललेला असतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याने प्राणवायू कमी पडताच हे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तीच ती ठणक. पेशीतले पाणी घटले तर रेणूंची दाटी वाढते आणि ते अधिकच लवकर चिकटतात.

निरोगी माणूस कमी पाणी प्यायला तर त्याची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. शरीराचा अंतर्गत समतोल असा सांभाळला जातो. पण मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. सिकलसेलच्या पेशी तिथेही वाकतात आणि पाणी राखण्याची ही शक्ती हळूहळू जाते. मग मूल पाणी कमी प्यायले तरी लघवी व्हायची ती होतेच. अंथरूण ओले होणे हा त्या मुलीचा आळस नव्हता, आजाराचाच भाग होता. आणि पाणी तोडून आम्ही तिची ठणक वाढवत होतो.

शरीराला जो समतोल राखता येत नाही, तो आपण बाहेरून राखायचा. आता तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो. रात्री एक ताई तिला उठवून बाहेर नेते. थंडीत स्वेटर आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकत नाहीत. ठणक पूर्ण थांबलेली नाही, पण कमी झाली आहे. ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर आम्ही वाट न पाहता दवाखाना गाठतो.

आपल्यापैकी पुष्कळजण शिक्षक आहात. वर्गात असे मूल असेल तर त्याला पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधीही अडवू नका. या मुलांची प्रार्थनेत आठवण ठेवा.