ओवणी आणि मांडणी

आज आपल्यापैकी बहुतेकांचे नाव कोठे ना कोठे संगणकात नोंदलेले असते. वीजबिल, बँकेचे पासबुक, मुलांचा शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा, अशा सर्व ठिकाणी ते आढळेल. हे नाव एका जागी मुक्काम करून राहत नाही. एका यंत्रातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात आणि शेवटी कागदावर किंवा पडद्यावर असा त्याचा सारखा प्रवास चाललेला असतो. या प्रवासात ते जसेच्या तसे राहते काय, आणि राहत नसेल तर कोठे बिघडते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय प्रोग्रामिंगचा खरा. परंतु त्यातील मर्म कळण्यास प्रोग्रामिंग यावयास पाहिजे असे नाही. ज्याने जमाखर्चाची वही लिहिली आहे आणि चार पत्रे पाठविली आहेत, त्याला ते सहज उमजेल.

संगणकाच्या स्मृतीत माहिती आपल्या वहीसारखी एका ओळीत लिहिलेली नसते. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या सभासदाची नोंद आहे. त्याचे नाव एका कप्प्यात, वर्गणी दुसऱ्यात, नेलेल्या पुस्तकांची यादी तिसऱ्यात, आणि एका कप्प्यात दुसऱ्याचा नुसता पत्ता, असा तो पसारा असतो. हा पसारा दुसऱ्या गावी पाठवावयाचा किंवा जपून ठेवावयाचा, तर त्याची एकापुढे एक अशी सरळ माळ करावी लागते. मंडईतून आणलेली परडीतली फुले दोऱ्यात ओवावी, तसेच हे काम. मात्र येथे अट अशी, की पलीकडच्याने माळ सोडविली असता प्रत्येक फूल परडीतल्या आपल्या पहिल्या जागी जाऊन बसले पाहिजे. या कामाला सिरियलायझेशन असे नाव आहे. आम्ही त्याला ओवणी म्हणू.

दुसरे काम निराळे आहे. तीच माहिती माणसाच्या डोळ्यांसमोर नीटनेटकी ठेवावयाची: रकमेत स्वल्पविराम घालावयाचे, तारीख आपल्या रिवाजाप्रमाणे लिहावयाची, रकाने सरळ लावावयाचे. याला फॉरमॅटिंग म्हणतात. आम्ही त्याला मांडणी म्हणू. ‘जे दिले तेच परत मिळते काय’ ही ओवणीची कसोटी होय, आणि ‘वाचणाऱ्याला नीट कळते काय’ ही मांडणीची. या दोन कसोट्यांची गल्लत झाली, म्हणजे माहितीचा घात होतो. आम्हाला मुख्यतः सांगावयाचे आहे ते एवढेच.

ओवणीची कल्पना पुणेकरांना नवी वाटू नये. येथील पेशवे दप्तराची इमारत १८९१ सालची. तेथे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. पत्राला आरंभीचे ‘श्री’ असे, आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तबाचा लहान शिक्का उमटवीत. लेखनाची सीमा येथे झाली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. आपण आजही ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो ते यावरूनच. आरंभ कोठे, शेवट कोठे, मधला मजकूर कोणाचा, हे ठरीव खुणांनी सांगणे हीच ओवणीची पहिली पायरी होय.

परंतु त्याच कागदांत एक अडचणही आहे. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत, आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडीत नसत. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच रूपाने कागदावर उतरत. वाचणारा कारकून भाषा जाणणारा, प्रसंग जाणणारा. तो राहिलेले आपल्या बुद्धीने भरून काढी. यंत्राजवळ ती बुद्धी धरता येत नाही. म्हणून यंत्रासाठी केलेल्या ओवणीत काहीही गृहीत धरून चालत नाही. सगळे लिहावेच लागते.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. पायथॉन ही आज फार प्रचारात असलेली प्रोग्रामिंगची भाषा. ती ग्विडो व्हॅन रोसम या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. सुतार कामाला येताना आपली हत्यारांची पेटी बरोबर आणतो, तशी या भाषेसोबत हत्यारांची एक पेटीच मिळते. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. तिच्यात २००८ पासून जेसन नावाच्या पद्धतीचे हत्यार आहे. ही पद्धत अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. तिचे नियम पोस्टकार्डावर मावतील इतके थोडे. नोंद महिरपी कंसात, यादी चौकोनी कंसात, मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत, आणि दोहोंमध्ये स्वल्पविराम. शेवटचा कंस राहिला तर वाचणारे यंत्र संपूर्ण पत्रच नाकारते. मोर्तब नसलेला कागद दरबारात चालू नये, तसेच हे झाले.

येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. वेगळे सांगितले नाही, तर पायथॉनचे हे हत्यार ‘पुणे’ हा शब्द देवनागरीत लिहीतच नाही. प, उकार, ण आणि एकार अशी त्यात चार चिन्हे. प्रत्येकाऐवजी ते एक उलटी तिरपी रेघ, यू हे रोमन अक्षर आणि चार स्थानांचा एक क्रमांक लिहिते. म्हणजे चारांची चोवीस चिन्हे होतात. पाहणाऱ्याला वाटते, मराठीचा चुराडा झाला! तसे काही झालेले नसते. ते क्रमांक युनिकोड या जागतिक कोष्टकातले असतात, आणि वाचणारे यंत्र त्यांवरून ‘पुणे’ हाच शब्द बिनचूक परत देते. एक लहानशी सूचना दिली तर तेच हत्यार सरळ देवनागरीही लिहिते. यूटीएफ-८ या पद्धतीने तो शब्द १२ बाइटांत बसतो. सांगावयाचे ते हे, की ओवणी कुरूप दिसली म्हणून चुकीची ठरत नाही.

जेसनला मर्यादा आहेत, त्याही ध्यानात ठेवाव्या. त्याला तारीख हा प्रकार ठाऊक नाही. तारीख द्यावयाची तर ती मजकूर म्हणून द्यावी लागते, आणि तेथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम पाळणे शहाणपणाचे. नुसते ४/५ लिहिले तर आपल्याकडे तो मे महिना, अमेरिकेत एप्रिल. त्याचप्रमाणे नोंदीच्या मथळ्याच्या जागी १ हा आकडा ठेवला, तर परत येताना तो आकडा न राहता ‘१’ असा मजकूर होऊन येतो. हिशेबनीस फसतो तो अशाच ठिकाणी.

याच पेटीत पिकल नावाचे दुसरे हत्यार आहे. पिकल म्हणजे लोणचे. पायथॉनच्या पोटातल्या बहुतेक वस्तू त्यात जशाच्या तशा मुरवून ठेवता येतात. पण ही बरणी उघडताना आतल्या सूचना यंत्र निमूटपणे पाळू लागते. म्हणून ज्याचा भरवसा नाही अशाकडून आलेली बरणी कधीही उघडू नये, असा इशारा पायथॉनच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे.

आता मांडणीचे पाहू. मजकुरात मोकळ्या जागा ठेवून त्यांत नाव, रक्कम, तारीख भरण्याची सोय पायथॉनमध्ये पूर्वीपासून आहे. २०१६ साली तिला अधिक सुटसुटीत रूप मिळाले. छापील पावतीवर कारकून गाळलेल्या जागा भरतो, तोच हा प्रकार. मात्र हा कारकून परदेशी वळणाचा आहे. स्वल्पविराम घाल म्हटले, की तो १२,३४५,६७८ असे लिहितो. आपल्याला हवे असते १,२३,४५,६७८, म्हणजे एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला भारतातील मराठी असे सांगितले, तर ती देवनागरी आकड्यांसह आपल्या पद्धतीची रक्कम लिहून देते.

रकान्यांचीही तीच कथा. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. पायथॉन हलन्त आणि वेलांटी वेगळी धरून त्यात आठ चिन्हे मोजते. त्या मोजणीवर रकाने लावले, तर मराठी नावांची यादी वाकडीतिकडी होणारच.

परंतु खरे नुकसान होते ते मांडलेला मजकूर मूळ म्हणून साठविल्याने. शंभर रुपये तिघांत वाटले, पावतीवर ३३.३३ छापले; यात गैर काही नाही. पण पुढे कोणी त्या छापील आकड्यावरूनच बेरीज केली, तर ९९.९९ भरतात आणि एक पैसा नाहीसा होतो. पैशाची चूक निदान तपासनीस पकडील. भाषेची चूक कोण पकडणार?

हा प्रश्न पुण्याला विशेष लागू आहे, कारण संगणकावरील मराठी छपाईचे मोठे काम या शहरात झाले. सी-डॅक ही संस्था १९८८ साली येथे स्थापन झाली, आणि श्रीलिपीसारखी अक्षरजुळणीची साधनेही येथेच तयार झाली. त्या काळच्या फॉन्टांत जेमतेम २५६ जागा. त्यांत देवनागरीचे काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे कशीबशी बसवावी लागत. साहजिकच अक्षर जसे दिसते त्या क्रमाने साठविले जाई. ‘किरण’ या शब्दात वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी, क मागाहून. ‘सूर्य’ या शब्दात रफार शेवटी दिसतो म्हणून तो शेवटी. १९९१ साली ठरलेले भारतीय मानक इस्की आणि त्याच कुळातील युनिकोडची देवनागरी यांचा क्रम उलट, म्हणजे उच्चाराचा आहे. क आधी, वेलांटी नंतर. र आधी, य नंतर.

त्या फॉन्टांनी छापलेली पुस्तके देखणी झाली, यात संशय नाही. मांडणी उत्तम साधली. पण संगणकात जे उरले ते शब्द नव्हते. ते आकारांचे क्रमांक होते. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर अशी फाइल उघडल्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. तिच्यात शब्द शोधता येत नाही, आणि अंध वाचकाला ती वाचून दाखविणारे यंत्रही मुके होते. ती युनिकोडमध्ये उतरविण्याची साधने आहेत. पण फॉन्ट कोणता ते कळावे लागते आणि नंतर मुद्रिते तपासणारा माणूस लागतो.

युनिकोड आले म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद प्रत्येक मराठी माणूस जाणतो. एकाला नमस्कार करावयाचा, दुसऱ्याला स्वयंपाक सांगावयाचा. यातला दुसरा, अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. कोणी ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, कोणी र खाली नुक्ता देतो, कोणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. दिसते एकच, साठते निराळे. परिणाम असा, की ‘गोऱ्हे’ हे आडनाव यादीत असूनही यंत्र ‘सापडत नाही’ असे सांगू शकते. पहिल्या दोन रीती एकरूप करण्याचे हत्यार पायथॉनच्या पेटीत आहे. तिसरी त्याने सुधारत नाही. तिच्यासाठी प्रोग्रामरला मुद्दाम नियम लिहावा लागतो, आणि तो लिहिण्यास मराठी यावी लागते.

म्हणून आपल्या संस्थांच्या चालकांना, लेखकांना आणि प्रकाशकांना आमची एक विनंती आहे. पुस्तक छापून झाले, की छापखान्याकडून केवळ पानांची चित्रे घेऊ नका. युनिकोडमधील मूळ मजकूरही मागून घ्या. त्यातील दहा-वीस शब्द शोधून पाहा. त्यांत वेलांटीचा एक, रफाराचा एक आणि ‘आचाऱ्यास’सारखा एक असू द्या. संस्थेच्या सभासदांची यादी संगणकावर ठेवली असेल, तर ती एकदा बाहेर काढून दुसऱ्या यंत्रात भरून पाहा आणि नावे ताडून घ्या. एका दुपारचे हे काम आहे. पेशवे दप्तरातला कागद अजून वाचता येतो, कारण तो लिहिणाराने मजकूर लिहिला होता. आपल्या फाइलींतही मजकूरच आहे ना, हे पाहणे आपल्याकडे आहे.