मांगूरच्या पिल्लांचा दहावा दिवस

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांत शेततळी झाली, पण त्यांत सोडायला देशी मांगूरचं खात्रीचं बीज सहजी मिळत नाही. हा मासा तोंड वर काढून हवेतला प्राणवायू घेतो. उन्हाळ्यात तळं आटून पाणी गढुळलं तरी तो तगतो, त्यामुळे कोरडवाहू भागाला तो फारच सोयीचा. अडतं ते बीजापाशी.

1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधुरींनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांचं कृत्रिम प्रजनन साधलं आणि मत्स्यशेतीचं चित्रच पालटलं. मांगूरच्या बाबतीत मात्र इंजेक्शनवर भागत नाही. मादीचं पोट हलकेच दाबलं की तपकिरी, चिकट अंडी बाहेर येतात. नराचं वीर्य तसं निघत नाही. त्याला मारून वृषण काढायचं, मिठाच्या सौम्य द्रावणात कुस्करायचं आणि ते अंड्यांवर घालायचं. म्हणजे दर खेपेला चांगले नर खर्ची पडतात.

अंडी साधारण दिवसभरात फुटतात. खरी कसोटी पुढे, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास. तोवर पिल्लू पाण्यातल्याच प्राणवायूवर जगत असतं. आता कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा श्वसनाचा अवयव तयार होतो आणि ते हवेसाठी पृष्ठभागाकडे धावू लागतं. पाणी खोल असेल तर वर-खाली करूनच ते थकतं, आणि हौदच्या हौद रिकामे होतात. म्हणून या दिवसांत पाणी वीतभरापेक्षा कमी ठेवावं, ते वाहतं असावं, आणि लहान-मोठी पिल्लं वेगळी काढावीत. नाहीतर मोठी लहानांना खातात.

देशी बीज दुर्मीळ झालं की ‘थाई मांगूर’ त्याची जागा घेतो. मुळात तो आफ्रिकेतला. झपाट्याने वाढणारा, समोर येईल ते गट्ट करणारा. केंद्र सरकारने 2000 मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली. पिल्लं इतकी सारखी दिसतात की नवख्याला ओळखू येत नाहीत, आणि एकदा तळं फुटून ती कृष्णेत किंवा वारणेत गेली की परत गोळा करणं अशक्य. या दोन्ही जिल्ह्यांपुढचा हा सर्वांत मोठा धोका आहे, असं मला वाटतं.

त्यावर उपाय म्हणजे कृष्णाकाठीच मांगूरची छोटी बीजकेंद्रं. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने वाहत्या पाण्याच्या टबांत अंडी उबवण्याची पद्धत बसवून दिली आहे. मांगूरचा हंगाम पावसाळ्यातला, तोही वर्षातून एकदाच; तेव्हा पैदाशीचे नर-मादी उन्हाळ्यातच निवडून चांगल्या खाद्यावर ठेवायला हवेत. आणि शेतकऱ्यानेही जिरे (नुकती फुटलेली पिल्लं) नव्हे, तर हवेत श्वास घ्यायला लागलेली बोटुकलीच (वाढलेली पिल्लं) मागून घ्यावी.