सूर्यविजेसाठीं जमीन देतांना

पंपास दिवसा वीज मिळावी ही जालना जिल्ह्यांतील प्रत्येक मोसंबीवाल्याची इच्छा असते. मग सौर प्रकल्पांस विरोध कां होतो? एका मेगावॅटास सुमारें ४ ते ५ एकर जमीन लागते. ती गायरानाची असल्यास भूमिहीनाच्या शेळ्यांनीं चरावें कोठें?

धुळें जिल्ह्यांतील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची ५ एकर जमीन आधीं औष्णिक व पुढें सौर ठरलेल्या प्रकल्पासाठीं संपादित झाली. मोबदला सुमारें ४ लाख मिळाला. दाद न लागल्यामुळें त्यांनीं जानेवारी २०१८ मध्यें मंत्रालयांत विष घेतलें. २८ तारखेस त्यांचें निधन झालें.

संपादनांत मालकी जाते, भाडेपट्ट्यांत राहते. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २.० मध्यें हेक्टरीं वार्षिक भाडें १,२५,००० रुपये व दरसाल ३ टक्के वाढ ठरविली आहे. तथापि सही करण्यापूर्वीं विहीर व झाडें सात-बारांत आणि पंचनाम्यांत नोंदलीं आहेत कीं नाहींत, हें स्वतः पाहावें. हरकत लेखी द्यावी, पोंच घ्यावी. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तोंडी हरकतीस तेथें जागा नसते.