पडद्यातला आरसा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीच्या आडतीचे दुकान आहे. तीन वर्षांमागे ऐन हंगामात एक शेतकरी सकाळीच हातात पट्टी घेऊन दारात उभा राहिला. त्याने आदल्या दिवशी १८ पोती घातली होती आणि पट्टीवर १३ पोत्यांचा हिशेब होता. पट्टी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः केली होती. अण्णांनी तिथल्या तिथे फरकाची रक्कम मोजून दिली, हात जोडले, चहा पाजला. तो भला मनुष्य हसत गेला, पण अण्णांचा चेहरा दिवसभर उतरलेलाच होता. पन्नास वर्षांच्या रोजमेळात ज्यांची पै चुकली नाही, त्यांनी संध्याकाळी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "आता डोळे साथ देत नाहीत. उद्यापासून पट्ट्या तू कर."

वय झाले की दोष डोळ्यांवर ढकलणे सोपे असते. आम्हीही तेच केले. मोतीबिंदू असेल तर उजेडाचा त्रास अधिक होतो, हे ऐकून होतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सावकाश तपासले. डोळे वयाच्या मानाने उत्तम होते, चष्म्याचा नंबरही बदलला नव्हता. मग त्यांनी विचारले, "संगणक दुकानात कुठे ठेवला आहे?" या प्रश्नाचे आम्हाला नवल वाटले, पण उत्तर त्यातच होते.

जुना पडदा बिघडल्यावर चिरंजीवांनी हौसेने मोठा, चकचकीत पडदा आणला होता. वीजजोडणी मागच्या भिंतीला, म्हणून मेजही तिथेच. परिणामी अण्णा दाराकडे पाठ करून बसत आणि पडदा थेट पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून असे. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण, म्हणून दिवसाचा हिशेब साडेचार-पाचला मिटवायचा. नेमक्या त्याच वेळी ऊन दारातून आत येते. परत आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी पडदा बंद केला आणि अण्णांच्या खुर्चीत बसलो. काळ्या काचेत उघडे शटर, झगझगीत रस्ता, वरची ट्यूबलाइट आणि माझा पांढरा सदरा स्वच्छ दिसत होता. या आरशातून अण्णा इतके महिने आकडे वेचत होते! इंग्रजी 3 आणि 8 यांत फरक तो केवढा? डाव्या बाजूच्या दोन छोट्या कमानी उजेडात बुडाल्या की संपले.

यामागचे शास्त्र साधे आहे. गुळगुळीत काच आपल्यावर समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकते. ४ टक्के म्हणजे क्षुल्लक, असे व्यापारी मनाला वाटेल. पण टक्का कशावर आहे ते पाहावे. साध्या पडद्याची दीप्ती दर चौरस मीटरला २५० ते ३०० कँडेला असते. भर उन्हातल्या पांढऱ्या कागदाची दीप्ती वीस हजारांच्या पुढे जाते. तिचे ४ टक्के म्हणजे आठशे. मुद्दलापेक्षा व्याज मोठे झाले! वहीच्या कागदाला ही अडचण नव्हती, कारण खडबडीत कागद उजेड चहूकडे विखुरतो, त्याचे प्रतिबिंब घडवीत नाही.

मग असे पडदे विकतात कसे? कापडाचे दुकान चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. आतल्या दिव्यांखाली साडी जशी खुलते, तशी दारात नेल्यावर राहत नाही. चकचकीत काचेतून रंग गडद आणि काळा अधिक काळा दिसतो, विक्रेत्याच्या बेतशीर प्रकाशात डोळे दिपतात. ॲपलने २००७ मध्ये आयमॅकला चकचकीत काच दिली, तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. त्याच कंपनीने २०२० मध्ये २७ इंची आयमॅकसाठी जादा पैसे घेऊन खरवडलेल्या पृष्ठभागाची काच देऊ केली. मंद पृष्ठभाग प्रतिबिंब मोडून पसरवतो. किंचित धूसरपणा येतो, बारीक अक्षरांवर कधी चमचम दिसते, पण आकड्यांच्या कामाला तो बरा. नवा पडदा घेणाऱ्या व्यापाऱ्याने तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही मात्र पडदा बदलला नाही. लांब वायर घेऊन मेज बाजूच्या भिंतीला लावले. आता दार अण्णांच्या डाव्या हाताला येते. उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो, म्हणून पडदा दाराशी काटकोनात असला की दाराचे प्रतिबिंब डोळ्यांकडे येत नाही. पडद्याची पाठ दाराकडे करणेही चुकीचे; मग उघडे दारच डोळ्यांत घुसते. पडदा मागे कललेला होता, त्यामुळे ट्यूबलाइट त्यात उतरत असे. तो सरळ केला आणि दिवा डोक्यामागून बाजूला घेतला. हिशेबाच्या प्रणालीची काळी पार्श्वभूमी बदलून फिकट केली. काळ्यावर पांढरा सदराही उठून दिसतो, पांढऱ्यावर तो लपतो. जाड पुठ्ठ्याला आतून काळा कागद चिकटवून पडद्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना छज्जा केला. पाहुणे हसतात, हसोत.

बाजारात मंद फिल्मही मिळते. आम्ही एक लावून पाहिली. धूळभरल्या यार्डात तिच्याखाली बुडबुडे आले आणि चार दिवसांत ती काढली. अण्णांच्या चष्म्याला मात्र परावर्तनरोधी लेप देऊन घेतला. त्यातला थर इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना पुष्कळ अंशी पुसून टाकतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. चकाकीने डोळे कायमचे बिघडत नाहीत; ते थकतात, डोके दुखते, आणि प्रतिबिंब चुकवण्यासाठी माणूस नकळत मान वाकडी करून बसतो. अण्णांची मान दुखायची त्याचे कारणही आम्ही उशीच समजत होतो. शिवाय पडद्याकडे टक लावताना पापण्या कमी मिटतात, म्हणून मधूनमधून दूर पाहावे.

किल्ल्या आठ दिवस माझ्याकडे होत्या. नवव्या दिवशी पाचच्या सुमारास अण्णा मेजाशी बसले, चष्मा सारखा केला आणि दिवसभराच्या पट्ट्या मोठ्याने वाचू लागले. मी हातात तोलाईच्या चिठ्ठ्या घेऊन ताडत होतो. एकेचाळीस पट्ट्या झाल्या. मग त्यांनी डावा हात पुढे केला, आणि मी किल्ल्यांचा जुडगा त्यावर ठेवला.