पोर्ट तोच, नाव मात्र बदललेले

डेल कंपनीच्या पॉवरएज सर्व्हरच्या मागच्या बाजूला मदरबोर्डवरच बसवलेले दोन नेटवर्क पोर्ट असत. पत्र्यावर त्यांच्या शेजारी १ आणि २ असे आकडे छापलेले होते. बायोसच्या पडद्यावर आणि सोबतच्या पुस्तिकेतही तेच आकडे. लिनक्सच्या २.४ कर्नलवर हे पोर्ट अनुक्रमे ‘ईथ०’ आणि ‘ईथ१’ या नावांनी दिसत. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला आणि पुढे नव्या सर्व्हरवर हीच नावे उलटी लागू लागली. छापील १ च्या पोर्टला ‘ईथ१’, तर २ च्या पोर्टला ‘ईथ०’. केबल कोणी हलवली नव्हती, कार्डही कोणी बदलले नव्हते. डेलमधले अभियंते मॅट डॉम्श यांनी २००६ मध्ये या उलटापालटीचे कारण मांडून कर्नलसाठी दुरुस्ती दिली, तेव्हा सन आणि एचपीच्या काही सर्व्हरवरही असेच घडत असल्याचे त्यांच्या कानावर आले होते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची या जातीच्या घोटाळ्याशी आजही गाठ पडते. रात्री काम काढून सर्व्हरमध्ये नवे कार्ड बसवावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि ते नेटवर्कवर दिसूच नये. पोर्टचे दिवे लागलेले असतात, केबल शाबूत असते, स्विचही ठीक असतो. ज्या नावाला आयपी पत्ता दिला होता, ते नाव तेवढे आता दुसऱ्या पोर्टला लागलेले असते किंवा नाहीसेच झालेले असते. कारण ठाऊक नसले की धडधाकट कार्डे आणि केबल बदलण्यात तास निघून जातात. म्हणून पोर्टला नाव मिळते कसे, हे मुळापासून समजून घ्यायला हवे.

मोजण्याच्या दोन रीती

सर्व्हरमधली नेटवर्क कार्डे बहुधा पीसीआय मार्गाने प्रोसेसरशी जोडलेली असतात. हा मार्ग एकसरळ नसतो. त्याला ब्रिज असतात आणि प्रत्येक ब्रिजपलीकडे नवी बस सुरू होते. कार्डाचा पत्ता बस, डिव्हाइस आणि फंक्शन अशा तीन आकड्यांचा बनतो. २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ डिव्हाइस आणि प्रत्येक डिव्हाइसमध्ये ८ फंक्शन, एवढी या पत्त्याची ऐसपैस व्यवस्था आहे. कर्नल सुरू होताना हा सगळा पसारा फिरून पाहतो आणि सापडेल त्या क्रमाने कार्डे हाताळतो.

एखाद्या जुन्या वाड्यातल्या खोल्या मोजायच्या झाल्या तर दोन रीतींनी मोजता येतात. आधी सगळ्या दर्शनी खोल्या, मग माजघरातल्या, मग परसाकडच्या. किंवा पहिल्या दारातून शिरून थेट परसापर्यंत मोजत जायचे आणि मग दुसऱ्या दाराशी यायचे. खोल्या तितक्याच निघतात, पण पाचवी खोली कोणती, याचे उत्तर बदलते. लिनक्सचा २.४ कर्नल पहिल्या रीतीने मोजत असे, २.६ कर्नल दुसऱ्या रीतीने मोजू लागला. ज्या सर्व्हरवर एक पोर्ट ब्रिजमागे खोलवर आणि दुसरा वरच्या पातळीवर होता, तिथे क्रम उलटला. डॉम्श यांच्या दुरुस्तीने ‘बीएफसॉर्ट’ हा पर्याय देऊन जुनी रीत पुन्हा उपलब्ध केली.

पुढे अडचण आणखी वाढली. संगणक वेगाने सुरू व्हावा म्हणून वेगवेगळ्या कार्डांचे ड्रायव्हर एकाच वेळी चालू होऊ लागले. ज्याचे काम आधी उरकेल त्याला ‘ईथ०’. एकाच यंत्रावर दोन वेळा रीबूट केल्यास दोन वेगळी उत्तरे येणेही त्यामुळे शक्य झाले.

ओळख कशावर टेकवायची?

क्रमावर विसंबता येत नाही, हे ध्यानात आल्यावर लिनक्सच्या जगाने मॅक पत्त्याचा आधार घेतला. हा ४८ बिटांचा आकडा प्रत्येक पोर्टला कारखान्यातच मिळतो. त्याचा सुरुवातीचा भाग आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेला भाग उत्पादक ठरवतो. २८१ लाख कोटींहून अधिक पत्ते त्यात मावतात. यूडेव्ह या प्रणालीने एक फाइल ठेवायला सुरुवात केली. अमुक मॅक पत्ता दिसला की त्याला ‘ईथ०’ म्हणायचे, अशी तिच्यात नोंद होई. क्रम बदलला तरी नाव टिकू लागले.

मग मदरबोर्ड जळायचा. नवा बोर्ड बसवला की मॅक पत्ता नवा, पण फाइलमध्ये ‘ईथ०’ हे नाव गेलेल्या बोर्डासाठी राखून ठेवलेले. नव्या पोर्टला ‘ईथ१’ मिळे, त्याला कुठलीच मांडणी दिलेली नसे आणि दुरुस्त होऊन आलेला सर्व्हर मुका राही. आभासी यंत्राची प्रत काढली तरी हेच होई, कारण प्रतीला मॅक पत्ता नवा आणि फाइल मात्र जुनी.

तिसरा आधार जागेचा. जागेवरून नाव देणारे, डेलने तयार केलेले ‘बायोसडेव्हनेम’ हे साधन २०११ मध्ये लिनक्सच्या फेडोरा १५ या वितरणासोबत आले. जानेवारी २०१३ मध्ये, लिनक्स यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ही पद्धत स्वतःत सामावून घेतली. आज सर्रास दिसणारी नावे त्यातूनच आली. ‘ईएनओ१’ म्हणजे मदरबोर्डवरचा, फर्मवेअरने क्रमांक दिलेला पोर्ट. ‘ईएनएस२’ म्हणजे दुसऱ्या स्लॉटमधला. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे ३ क्रमांकाच्या बसवरच्या शून्य क्रमांकाच्या जागेवरचा. कार्ड जळाले आणि त्याच जागी तसेच दुसरे बसवले, तर नाव कायम राहते. मॅक पत्त्याला जे जमत नव्हते ते इथे जमले.

तरीही जागा पूर्णपणे स्थिर नसते. बसचे आकडे मोजणीतूनच आलेले असतात. ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली की मध्येच नवी बस उगवू शकते आणि पुढच्यांचे आकडे सरकतात. काल ‘ईएनपी३एस०’ असलेला पोर्ट आज ‘ईएनपी४एस०’ होतो. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या रात्रीच्या घोटाळ्याचे हे नेहमीचे कारण. काही दोन पोर्टच्या कार्डांवर तर दोन्ही पोर्टचा पीसीआय पत्ता एकच असतो. त्यांच्यात फरक करता यावा म्हणून कर्नलच्या ३.१५ आवृत्तीत, २०१४ मध्ये, पोर्टचा स्वतंत्र आकडा नोंदवण्याची सोय करावी लागली.

आलेला क्रम, कारखान्यातला आकडा आणि बसवलेली जागा, या तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. प्रत्येक ओळख एका प्रकारच्या बदलात टिकते आणि दुसऱ्या प्रकारच्या बदलात कोलमडते. नावावरून जागा किंवा जागेवरून मॅक पत्ता गृहीत धरला की चूक होते. घोटाळा सोडवण्याची सगळी पद्धत या एका समजुतीवर उभी आहे.

दिव्यापासून नावापर्यंत

सर्व्हर नेटवर्कवर दिसत नसेल तर आधी नेटवर्कविना आत जायचे. त्यासाठी बहुतेक सर्व्हरवर व्यवस्थापनाची वेगळी चिप आणि तिचा कन्सोल असतो. तिथेही एक खाचखळगा आहे. काही सर्व्हरवर या चिपला स्वतंत्र पोर्ट असतो, तर काहींवर ती नेहमीच्या पोर्टमध्येच वाटा घेते. स्विचच्या एकाच पोर्टवर दोन मॅक पत्ते दिसले तर गोंधळून जाऊ नये.

आत गेल्यावर पहिले काम यादीचे. प्रत्येक नावापुढे मॅक पत्ता, ड्रायव्हर आणि पीसीआय पत्ता मांडायचा. ‘आयपी लिंक’ आणि ‘ईथटूल’ या आज्ञांमधून हे सगळे मिळते. यादीत आभासी पोर्टही मिसळलेले असतात. ५२:५४:०० ने सुरू होणारा मॅक पत्ता बहुधा क्यूईएमयूच्या आभासी कार्डाचा, ००:५०:५६ ने सुरू होणारा व्हीएमवेअरचा. ते बाजूला काढावेत. अनेक पोर्ट एकत्र बांधून बाँडिंग केले असेल तर सगळ्या पोर्टचा मॅक पत्ता सहसा एकच दिसतो. अशा वेळी ‘ईथटूल’ला कॅपिटल पी हा पर्याय दिला की कारखान्यातला मूळ पत्ता कळतो.

दुसरे काम, नाव आणि लोखंड यांची गाठ घालण्याचे. ‘ईथटूल’ला स्मॉल पी हा पर्याय, पोर्टचे नाव आणि सेकंदांचा आकडा दिला की तेवढा वेळ त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. ऐरोली किंवा महाप्यातल्या डेटा सेंटरमध्ये रॅकपाशी उभा असलेला तंत्रज्ञ आणि दुसऱ्या शहरातून पडद्याकडे बघणारा अ‍ॅडमिन यांच्यात ‘डावीकडून दुसरा’ हे शब्द धोक्याचे ठरतात, कारण रॅकच्या पुढून आणि मागून डावे-उजवे बदलते. लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल मात्र दोघांचे एकमत होते. ही सोय प्रत्येक ड्रायव्हर देत नाही. ती नसेल आणि त्या पोर्टवर चालू काम नसेल, तर केबल क्षणभर काढून कोणत्या नावाची लिंक गेली ते पाहावे.

तिसरे काम, समोरच्या टोकाला विचारण्याचे. स्विच ‘एलएलडीपी’ प्रोटोकॉलने स्वतःचे नाव आणि पोर्टचा क्रमांक ठरावीक वेळाने जाहीर करत असतो. बहुतेक उपकरणांवर हा अवधी ३० सेकंदांचा असतो. सर्व्हरने ते ऐकले की त्याचा कोणता पोर्ट स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडला आहे, हे जागेवर न जाता कळते. स्विचच्या मॅक तक्त्यातूनही तीच गाठ उलट्या दिशेने तपासता येते. दोन्ही उत्तरे जुळली की मगच मांडणीला हात लावावा.

नाव आपणच द्यावे

कोणता पोर्ट कोणता, हे कळल्यावर तात्पुरती दुरुस्ती करून थांबू नये. सिस्टिमडीमध्ये छोटी लिंक फाइल लिहून पोर्टला आपल्या पसंतीचे नाव देता येते, आणि ते कशावरून ओळखायचे हेही आपणच ठरवू शकतो. कार्डे वरचेवर बदलली जात असतील आणि स्लॉट ठरलेले असतील तर जागा निवडावी. नवी कार्डे भरली जाऊन बसचे आकडे सरकण्याची शक्यता असेल तर मॅक पत्ता निवडावा. नाव १५ अक्षरांच्या आत आणि कामाचे असावे, जसे ‘बाहेर०’ किंवा ‘साठा०’ या अर्थाचे इंग्रजी नाव. ‘ईथ०’ सारखे नाव पुन्हा देऊ नये, कारण कर्नलही सुरुवातीला तीच नावे वाटत असतो आणि दोघांची टक्कर होते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. फायरवॉलचे नियम बऱ्याचदा पोर्टच्या नावावर लिहिलेले असतात. आतल्या आणि बाहेरच्या पोर्टची नावे उलटली तर बाहेरच्यांसाठी बंद ठेवलेले दार उघडे पडू शकते, आणि यंत्र चालूच असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नेटवर्क बंद पडलेले दिसते तरी. उघडे पडलेले दिसत नाही.

म्हणून नवा सर्व्हर रॅकमध्ये चढवतानाच प्रत्येक पोर्टचा छापील क्रमांक, मॅक पत्ता, पीसीआय पत्ता, नाव आणि स्विचवरचा पोर्ट एका ओळीत लिहून ठेवावा, आणि केबलच्या दोन्ही टोकांना तीच खूण चिकटवावी. कार्ड बदलले, बोर्ड बदलला, कर्नल बदलला, तरी त्या ओळीतल्या सगळ्या गोष्टी एकदम बदलत नाहीत. ज्या बदलल्या नाहीत त्यांच्या आधाराने बदललेल्या गोष्टी काही मिनिटांत शोधता येतात. ही नोंद करण्याचे काम पहिल्या दिवशीच, यंत्र शांत असताना करायचे असते. ते ज्याने केले, त्याला पुढच्या प्रत्येक बदलाच्या रात्री अंदाज बांधत बसावे लागत नाही.